दोन ट्रोल, एक पूल आणि अडलेली पार्टी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका टेबलटॉप रोल-प्लेइंग ग्रुपचं आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या मदतीने आपापलं पात्र वठवणाऱ्यांचं. पाच खेळाडू, एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे जग आणि राक्षस चालवणारी), खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम. कोण कुठला हे ओळखू येऊ नये म्हणून खेळाडूंचा उल्लेख त्यांच्या कॅरेक्टरच्या क्लासनेच, म्हणजे पेशानेच, करते: फायटर (लढवय्या), रोग (इंग्रजीतला ‘rogue’, चलाख भामटा), रेंजर (रानवाटांचा जाणकार), क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी), विझार्ड (जादूगार). फायटर आणि रोग चालवणारे दोघं मुरलेले, रेंजरवाली बऱ्यापैकी रुळलेली, बाकी दोघं नवे. मी या ग्रुपात खेळत नाही. डीएम ओळखीची असल्याने सेशनला बाजूला बसून बघत होते, आणि मधल्या काळात तिच्याशी बोलणं झालं.

डीएमने आधी छापील साहस चालवलं होतं. स्वतःचं जग रचून चालवलेलं हे तिचं पहिलंच कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट). डोंगररांगेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन खोरी. वरच्या खोऱ्यात तापाची साथ. पार्टीकडे, म्हणजे या पाच कॅरेक्टरांच्या टोळीकडे, औषधाच्या दोन पेट्या, एका खेचरावर लादलेल्या. पाच दिवसांत औषध पोचलं नाही तर उपयोग नाही. दोन खोऱ्यांना जोडणारी वाट खिंडीतून जाते. खिंडीत घळईवर दगडी पूल आहे आणि पुलाखाली दोन ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस, राहतात.

तिच्या वहीत या जागेबद्दल तीनच शब्द होते: पूल, ट्रोल, लढाई.

पार्टी चौथ्या लेव्हलची होती. नियमांच्या हिशोबाने एका ट्रोलचे १८०० एक्सपी (अनुभवाचे गुण; लढाई किती अवघड हेही त्यांवरूनच मोजतात). दोनांचे ३६००, आणि शत्रू दोन असल्यामुळे दीडपट धरून ५४००. चौथ्या लेव्हलच्या पाच जणांसाठी ‘डेडली’ची, म्हणजे जीवघेण्या लढाईची, पायरी २५०० ला सुरू होते, म्हणजे ही लढाई त्या पायरीच्या दुपटीहून वर गेली होती. (२०२४ च्या सुधारित नियमांत हा दीडपटीचा प्रकार काढून टाकला आहे, पण हा ग्रुप जुन्यावरच चालतो.) डीएमने हे गणित केलं होतं आणि जाणूनबुजून तसंच ठेवलं होतं. “वाट खरंच भीतीदायक वाटायला हवी,” हे तिचं म्हणणं. त्यात काही चूक नाही. ज्या जगात प्रत्येक राक्षस पार्टीच्या मापाने शिवलेला असतो, तिथे भीती कसली वाटणार?

अडचण

पायथ्याच्या खानावळीत एका म्हाताऱ्याने पार्टीला सांगितलं होतं, “खिंडीत जाऊ नका.” डीएमच्या लेखी हा इशारा होता. खेळाडूंनी तो आमंत्रणासारखा घेतला, आणि त्यांना दोष देता येत नाही. या प्रकारच्या खेळात प्रत्येक खानावळीत एक म्हातारा असतो आणि तो हेच सांगतो. न जावं तर गोष्टच संपते.

पूल आला, कुजका वास आला, लगेच इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोणाची पाळी कधी हे ठरवणारे फासे. पहिल्या दोन फेऱ्या छान गेल्या. सगळ्यांनी एकाच ट्रोलवर जोर लावला. मात्र ट्रोलची पाळी आली की त्याचे १० हिट पॉइंट (किती जीव उरला हे मोजणारे गुण) परत भरत होते, आणि डीएम फक्त एवढंच सांगत होती की जखमा मिटताना दिसताहेत. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या ट्रोलचे दोन्ही पंजे विझार्डला लागले. विझार्डकडे २२ पॉइंट होते. दोन पंज्यांची सरासरीच २२ येते. विझार्ड आडवा. त्याच फेरीत रोगच्या घावाने पहिला ट्रोल शून्यावर आला. टेबलावर आरडाओरडा, टाळ्या. मग त्या ट्रोलची पाळी आली आणि डीएमने त्याची आकृती पुन्हा उभी केली.

“अगं, हा मेला होता ना?”

“मेला नव्हता. पडला होता.”

नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पाळीच्या सुरुवातीला ट्रोल शून्यावर असेल आणि त्याचं रीजनरेशन (जखमा आपोआप मिटणं) बंद असेल तरच तो मरतो; आग किंवा आम्ल लागल्यानंतरच्या पाळीला ते बंद राहतं. इथे कोणीच आग वापरली नव्हती. विझार्डचे मंत्र सगळे थंडीचे.

आता पळायची चर्चा सुरू झाली, आणि पळताही येईना. ट्रोलचा वेग ३० फूट, पार्टीतल्या बहुतेकांचा ३० फूट, बुटक्या क्लेरिकचा २५. लढाईच्या चौकटी-चौकटीच्या नियमांत सारख्या वेगाचा शत्रू मागे लागला तर अंतर कधीच वाढत नाही, उलट पाठ फिरवताना एक वार फुकटचा बसतो. त्यात पडलेल्या विझार्डला उचलायचं. वेळ बरीच झाली होती, म्हणून डीएमने लढाई मध्येच थांबवली: विझार्ड शून्यावर आणि एक डेथ सेव्ह (जीव वाचतो का हे ठरवणारा फासा) हुकलेला, फायटरकडे ९ पॉइंट, क्लेरिककडे शेवटचा एक स्लॉट (मंत्र टाकण्याची संधी).

ते थांबणं मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. दमलेल्या डोक्याने आणखी दोन फेऱ्या रेटल्या असत्या तर पाचही कॅरेक्टर गेली असती, किंवा डीएमने घाईघाईत काहीतरी जादूची सुटका काढली असती.

नंतर चॅटवर वाद झाला. फायटरवाला म्हणाला हे जिंकण्यासारखं नव्हतंच. रेंजरवाली म्हणाली, आपण आधी नीट बघायला हवं होतं. नव्या दोघांनी काहीच लिहिलं नाही. डीएमला त्याचीच जास्त काळजी होती.

खरी गोम दुसरीकडेच होती, ती रोगवाल्याशी बोलताना बाहेर आली. त्याला ट्रोल आणि आग हे नातं पहिल्या फेरीपासून ठाऊक होतं. तो गप्प बसला कारण “माझ्या कॅरेक्टरला हे माहीत नाही ना.” खेळाडूला माहीत असलेलं कॅरेक्टरच्या तोंडी घालायचं नाही, हा शिरस्ता त्याने प्रामाणिकपणे पाळला. पण त्याचं कॅरेक्टर त्याच डोंगराच्या पायथ्याशी वाढलेलं होतं! जिथे पिढ्यान्‌पिढ्या ट्रोलांनी मुख्य वाट अडवली आहे, तिथलं शेंबडं पोरही सांगेल की ट्रोलला मशाल दाखव. हे ज्ञान गुप्त असणं त्या जगाच्याच विरुद्ध जातं, आणि हे सांगण्याची जबाबदारी खेळाडूची नाही, जग चालवणारीची आहे.

त्यावर कडी म्हणजे तिघांच्या सामानात ‘एक्सप्लोरर्स पॅक’ होता. त्यात प्रत्येकी १० मशाली येतात. पेटत्या मशालीचा फटका बसला तर आगीचा एकच पॉइंट जातो, पण ट्रोलच्या जखमा मिटणं तेवढ्याने पुढच्या पाळीपुरतं थांबतं. तीस मशाली खेचराच्या पाठीवर, आणि इकडे सगळे तलवारी मारताहेत. काखेत कळसा नि गावाला वळसा.

समोरचे पर्याय

पुढच्या सेशनपर्यंत डीएमने बरंच काही तोलून पाहिलं. फासे पडतील तसे पडू द्यायचे आणि सगळे मेले तर मेले, हा एक सरळ मार्ग. त्यात खोटेपणा नाही. पण ज्या माहितीवर जगणं-मरणं ठरत होतं ती टेबलावर आलीच नव्हती, त्यामुळे तिला ते पटेना. मलाही पटलं नाही.

ट्रोलचे पॉइंट पडद्याआड गुपचूप कमी करणं सगळ्यात सोपं होतं. मुरलेल्या दोघांनी ते लगेच ओळखलं असतं, आणि एकदा तो संशय आला की यापुढची प्रत्येक धोक्याची जागा पोकळ वाटते. वरच्या खोऱ्यातून सैनिकांची तुकडी मदतीला आणावी हाही विचार झाला. मग प्रश्न येतो की एवढी तुकडी होती तर तिने औषध आधीच का नेलं नाही.

सेशन पुसून पुन्हा पुलाच्या अलीकडून सुरू करावं, असं क्लेरिकवाल्याने हळूच सुचवलं होतं. यावर डीएम बराच वेळ अडली. नव्या खेळाडूंसाठी ते दयाळूपणाचं होतं. पण फायटरवाल्याने साफ सांगितलं की झालेलं पुसणार असाल तर मी कशाला जीव तोडून खेळू.

तिच्याशी बोलताना मी एवढंच विचारलं की हे ट्रोल पुलाखाली का राहतात? डोंगरात बकऱ्या आहेत, हरणं आहेत. ती म्हणाली, “वाटेवर खाणं आपणहून चालत येतं म्हणून.” मग तिचं तिलाच पुढचं सुचलं. खाणं हवं असलेल्या प्राण्याला लढाई नको असते. त्याला पोट भरायचं असतं, तेही शक्यतो स्वतःला इजा न होता. ट्रोलची बुद्धी ७, म्हणजे मठ्ठ, पण हिशोबाला पुरेशी. त्यांना जायंट भाषा बोलता येते. वहीत ज्या जागी ‘लढाई’ लिहिलं होतं तिथे तिने ‘भूक’ लिहिलं.

निर्णय आणि अंमल

सेशनच्या आदल्या दिवशी तिने ग्रुपला संदेश पाठवला. पायथ्याच्या मुलखात सगळ्यांना काय ठाऊक असतं ते त्यात होतं: ट्रोलच्या जखमा मिटतात, आगीने मिटत नाहीत, तो वासावर माग काढतो, आणि भक्ष्य मिळालं की घळईपासून फार लांब जात नाही. हे आधी सांगायला हवं होतं, हेही तिने सरळ लिहिलं. सोबत नकाशा दिला, आणि त्यावर वाटा तीन होत्या.

पुलावरची वाट ३६ मैल, बांधीव, दीड दिवसाची. कड्यावरून वळसा ७२ मैल. डोंगराळ जमीन म्हणून वेग निम्मा, दिवसाला १२ मैल, म्हणजे सहा दिवस. पाचांत बसवायचं तर रोज आठ तासांऐवजी दहा तास चालायचं, आणि आठच्या पुढच्या प्रत्येक तासाला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (दमाची परीक्षा, फाशावर ठरलेला आकडा गाठायचा), आधी ११ चा, मग १२ चा. चुकला की थकव्याची एक पायरी. तिसरी वाट पुलाखालच्या नदीपात्रातून. तीही ३६ मैल, पण दगडगोट्यांतून दबकत जायचं म्हणजे दिवसाला नऊच मैल, पुरे चार दिवस, आणि ट्रोलांच्या अगदी नाकाखालून.

आधी चालू लढाईतून सुटायचं होतं. पहिल्याच पाळीला डीएमने वर्णन केलं की खेचर खिंकाळलं तसं दोन्ही ट्रोलांची मान तिकडे वळली. रेंजरवालीने कॅरेक्टर शीट चाळली आणि थांबली. भाषांच्या रकान्यात ‘जायंट’ होतं. कॅरेक्टर बनवताना लिहिलं होतं आणि कोणालाच आठवण नव्हती, डीएमलाही नाही. रेंजरने ओरडून सौदा टाकला: खेचर घ्या, आम्हाला मागे जाऊ द्या.

इथे डीएमने जुनं हत्यार काढलं. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत राक्षसांची प्रतिक्रिया दोन सहा-बाजूंच्या फाशांवर ठरत असे. २ आलं की थेट हल्ला, १२ आलं की दोस्ती. तिने सगळ्यांसमोर फासे टाकले. ७ आलं, म्हणजे अनिश्चित. ट्रोल घोटाळले, एकमेकांकडे बघू लागले, पण हटले नाहीत.

पुढची फेरी मला अजून आठवते. रोग खेचराकडे धावला. दोन पेट्या, दोन बाजूंना, मध्ये दोर. एका पाळीत एकच दोर कापून होईल, असं डीएम म्हणाली. त्याने विचारलं, “कुठल्या पेटीत काय आहे?” कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी उघडून पाहिलंच नव्हतं. त्याने डावा दोर कापला. पेटी खाली आली, तिच्याबरोबर सामानाच्या थैल्याही. फायटरने एक पूर्ण अॅक्शन घालवून मशाल पेटवली आणि वार झेलत तिथेच उभा राहिला. क्लेरिकने शेवटचा स्लॉट ‘हीलिंग वर्ड’वर खर्च करून विझार्डला शुद्धीवर आणलं. मग फायटरची मशाल लागली. एक पॉइंट! आणि ट्रोलची पाळी आली तेव्हा डीएम म्हणाली, “जखम तशीच आहे.”

टेबलावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळे पुढे सरसावून बसले होते. डीएमने मोरालचा (लढायच्या हिमतीचा) ऐच्छिक नियम लावला, विजडमचा १० चा सेव्ह. मशाल लागलेल्या ट्रोलचा सेव्ह हुकला आणि तो पुलाखाली सरकला. दुसऱ्याने खेचर ओढलं, उरलेल्या पेटीसकट.

पार्टी सुटली, पण अजून खिंडीच्या अलीकडेच होती. पुन्हा पुलावरून जायला फायटर सोडून कोणी तयार नव्हतं. वळशाच्या वाटेचे सेव्ह मोजून पाहिले: पाच दिवस, रोज दोन, माणशी दहा. रोजच्या झोपेने एक पायरी उतरते हे धरूनही विझार्ड तग धरेल असं वाटेना. उरली नदीपात्राची वाट.

तिथे अडचण ट्रोलच्या नाकाची. त्याचं पॅसिव्ह परसेप्शन (आपसूक चाहूल लागण्याचा आकडा, दबकून जाणाऱ्याने फाशावर गाठायचा) १२, पण वास येत असेल तर अॅडव्हान्टेजमुळे १७. साखळी-चिलखतातल्या फायटरला १७ म्हणजे अशक्यच. वारा कुठला हे डीएम फाशावर ठरवणार होती. रेंजरवाली डोंगरांत भटकणारी आहे. ती म्हणाली, खोऱ्यात वारा असा कसाही वाहत नाही. उन्हाने उतार तापले की दिवसा तो खोऱ्यातून वर चढतो, रात्री उतार गार पडले की खाली उतरतो. आपण खालून वर चाललो आहोत. रात्रीच्या शेवटी पुलाकडे सरकलो तर वारा ट्रोलांकडून आपल्याकडे येईल. पूल ओलांडून गेल्यावर ऊन चढेल, वारा फिरेल आणि आपला वास पुढे वर जाईल, मागे ट्रोलांकडे नाही.

डीएमच्या कागदावर वाऱ्याचा सहा ओळींचा तक्ता तयार होता. तिने तो बाजूला ठेवला आणि आकडा १२ ठरवला. माझ्या मते दुसरा मोठा निर्णय हा. तक्ता फेकणं तिला सोपं गेलं नाही, रात्री जागून केला होता. पार्टीने तो दिवस विश्रांतीत घालवला आणि पहाटे निघाली. सामूहिक स्टेल्थमध्ये (सगळ्यांनी मिळून दबकून जाण्याच्या परीक्षेत) निम्मे तरी यशस्वी व्हावे लागतात. पाचांपैकी तिघं झाले, फायटर अर्थातच नाही.

निकाल

पार्टी पाचव्या दिवशी पोचली, पाचही जण जिवंत. औषधाची एकच पेटी हाती होती, म्हणजे निम्म्याच लोकांना पुरेल इतकं. दुसरी पेटी कुठूनतरी परत मिळवून द्यायचा मोह डीएमने टाळला. औषध कोणाला द्यायचं यावर पुढची दोन सेशन गेली आणि त्यांत सगळ्यात जास्त बोलला तो क्लेरिकवाला, जो आधी चॅटवर चकार शब्द काढत नव्हता.

सगळं गोड झालं असं नाही. फायटरवाला अजून नाराज आहे. एक्सपी पूर्ण मिळाले, कारण डीएमने अडथळा पार केला असं धरून दिले, तरी त्याचं म्हणणं असं की ट्रोल जिवंत आहेत म्हणजे काम अर्धवट राहिलं. विझार्डवाल्याने पाचव्या लेव्हलला ‘फायरबॉल’ घेतला. दोघं मिळून परत जायचा बेत करताहेत आणि डीएम त्यांना अडवणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संदेशातून दिलेली माहिती खेळाच्या आतच देता आली असती. पुलाच्या अलीकडे विझलेल्या मशालींची थोटकं, काळे पडलेले दगड, वाटेकडेला खुंटाला बांधून सोडलेल्या बकरीचं तुटकं दावं. ही तीन चिन्हं दिसली असती तर आगही कळली असती आणि भूकही, तेही कोणाला शिकवावं न लागता. खानावळीतल्या म्हाताऱ्यानेही “जाऊ नका”ऐवजी “बकरी न्या” म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

पळण्याबाबत माझं आणि डीएमचं एकमत झालेलं नाही. माझं मत, पार्टीने माघार जाहीर केली त्या क्षणी इनिशिएटिव्ह मोडावं, चौकटी विसराव्यात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: सुटण्यासाठी काय टाकून देता? सामान, खेचर, वेळ, की मागे राहणारा माणूस? तिला हे फार सैल वाटतं. पाठलागासाठी तिने आता स्वतःचे नियम लिहायला घेतले आहेत, पण नव्या खेळाडूंना ते लढाई सुरू होण्याआधी सांगायचे की माघारीच्या वेळी, हे अजून ठरायचं आहे. माझा आग्रह आधीचा आहे. पळता येतं हे ज्याला माहीतच नाही तो शेवटपर्यंत तलवारच मारत राहतो.

तीन वाटांचा नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून टेबलावर हवा होता, यावर दुमत नाही. एकच वाट आणि तिच्यावर राक्षस असेल तर खेळाडूंना ठरवण्यासारखं काही उरत नाही. तिन्ही वाटांची किंमत आधी दिसली असती तर फायटरने कदाचित तरीही पूलच निवडला असता. पण तेव्हा त्याच्या हातात मशाल असती.